हँडहेल्ड गेमिंग पीसीवरील इम्युलेशन

एका कन्सोलसाठी लिहिलेला गेम वेगळ्याच घडणीच्या संगणकावर चालवण्यासाठी त्या कन्सोलची सॉफ्टवेअरमध्ये केलेली नक्कल म्हणजे इम्युलेशन. ही नक्कल करणारा प्रोग्रॅम तो इम्युलेटर. पडदा, बटणे आणि बॅटरी अंगचीच असलेला, दोन हातांत मावणारा पूर्ण संगणक म्हणजे हँडहेल्ड गेमिंग पीसी. इथे नक्कल यंत्राची होते, गेमची नाही. गेम डिस्कवर किंवा कॅसेटमध्ये होता तसाच राहतो, आणि आपण मूळ यंत्रातच आहोत अशी त्याची समजूत करून द्यावी लागते.

जीपीडी कंपनीचा विन 2016 मध्ये आला, तरी हा प्रकार घरोघरी माहीत झाला तो फेब्रुवारी 2022 मध्ये आलेल्या वॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेकमुळे. 2023 मध्ये असुसचा आरओजी अ‍ॅलाय आणि लेनोव्होचा लीजन गो आले. स्टीम डेकची विक्री सुरू झाली तेव्हा भारत त्यात नव्हता. त्यामुळे इंदूरच्या मराठी घरांत तो दिसलाच, तर बहुधा परदेशातून सुटीला आलेल्या दादाच्या बॅगेतून आलेला असतो.

जुना गेम म्हणजे हलका, हा समज चुकीचा आहे. कन्सोलचा प्रोसेसर ज्या भाषेत सूचना घेतो ती पीसीच्या प्रोसेसरला कळत नाही. म्हणून इम्युलेटर त्या सूचनांचे गठ्ठे करून त्यांचे भाषांतर करतो आणि पुढच्या वेळेसाठी ते जपून ठेवतो. प्लेस्टेशन 2 चा मुख्य प्रोसेसर जेमतेम 295 मेगाहर्ट्झचा, पण त्याच्या जोडीला दोन व्हेक्टर युनिटे (एकदम अनेक आकड्यांवर हिशोब करणारे भाग) आणि वेगळी ग्राफिक्स चिप अशी सगळी मंडळी एकाच वेळी, एकमेकांच्या तालावर काम करतात. तो ताल सांभाळणे हेच पीसीएसएक्स2 या इम्युलेटरचे खरे कष्ट. 2006 च्या प्लेस्टेशन 3 मधला सेल प्रोसेसर तर इतका निराळा होता, की 2011 पासून घडत असलेल्या आरपीसीएस3 या त्याच्या इम्युलेटरवर आजही स्टीम डेकचा दम निघतो. हलके गेम चालतात, भारी गेम अटकतात. यंत्राचे वय किती यापेक्षा त्याची घडण किती विचित्र, यावर सगळे अवलंबून असते.

अटकण्याचे आणखी एक कारण निंटेंडोच्या गेमक्यूब आणि वी या कन्सोलांचा इम्युलेटर डॉल्फिन वापरणाऱ्यांनी पुष्कळ सोसले आहे. पडद्यावर नवा परिणाम प्रथमच दिसायचा असला, की त्याचा शेडर, म्हणजे रंग-प्रकाश कसे काढायचे हे ग्राफिक्स चिपला सांगणारा छोटा प्रोग्रॅम, आयत्या वेळी तयार करावा लागे. सेकंदाला 60 चित्रांच्या गतीत एका चित्राला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपासच वेळ मिळतो, आणि तेवढ्यात काम झाले नाही की खेळ क्षणभर गोठे. 2017 मध्ये डॉल्फिनने मूळ ग्राफिक्स चिपचीच नक्कल करणारा एक मोठा शेडर आणला. खास शेडर मागे तयार होईपर्यंत हा मोठा शेडर गाडी ओढतो. इम्युलेशनच्या इतिहासातले हे अत्यंत देखणे काम आहे.

हँडहेल्डमध्ये खरी चणचण वॅटची. स्टीम डेकच्या चिपला 15 वॅटपर्यंतच वीज मिळते आणि प्रोसेसर व ग्राफिक्स दोघांनी तीच वाटून घ्यायची. पहिल्या मॉडेलची बॅटरी 40 वॅट-तासांची, आणि ती दोन ते आठ तास चालेल असे वॉल्व्हच सांगते. इंदूरहून अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला निघालेल्या माणसाला या दोन आकड्यांमधले अंतर चांगलेच कळते. प्लेस्टेशन 2 चा गेम तिप्पट रिझोल्यूशनवर लावला तर जेवणाचे डबे उघडण्याच्या सुमाराला बॅटरी माना टाकते. तेच वॅटची मर्यादा खाली आणून जुना कॅसेटचा गेम लावला, तर बर्थवर पडून बराच वेळ खेळता येते. पडदा 1280 बाय 800 चा आहे. 240 ओळींचे जुने चित्र बरोबर तिप्पट केले की 720 ओळी होतात आणि प्रत्येक ठिपका धारदार राहतो. दोन्ही बाजूंना काळे पट्टे उरतात, ते उरू द्यावेत. चित्र ताणून पडदा भरला, की पळणारा माणूस बुटका दिसतो.

गेमची प्रत स्वतःच्या डिस्कवरून काढावी. प्लेस्टेशन 2 च्या डिस्क साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचता येतात. यूएसबीचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलसारख्या कंप्युटर बाजारात मिळतो. बायॉस, म्हणजे कन्सोल सुरू करणारा त्याच्या आतला मूळ प्रोग्रॅम, तोही आपल्याच कन्सोलमधून घ्यायचा असतो. भारतीय प्रताधिकार कायद्याचे (1957) कलम 52 कायदेशीरपणे जवळ असलेल्या संगणक प्रोग्रॅमची राखीव प्रत काढू देते, तर 2012 च्या दुरुस्तीने आलेले कलम 65अ हक्कभंगासाठी तांत्रिक कुलूप तोडण्याला मनाई करते. अमेरिकेत 2000 साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात प्लेस्टेशनचा इम्युलेटर घडवताना बायॉस अभ्यासण्याला न्यायालयाने संरक्षण दिले. मार्च 2024 मध्ये मात्र निंटेंडोच्या स्विच कन्सोलचा इम्युलेटर युझू त्या कंपनीशी 24 लाख डॉलरची तडजोड करून बंद झाला.

राहिला प्रश्न आवाजाचा. इंदूरमध्ये ज्यांनी मे महिन्याच्या दुपारी टीव्हीला काळा व्हिडिओ गेम जोडून, कॅसेटमध्ये फुंकर मारून खेळ सुरू केला, त्यांना तोच गेम हँडहेल्डवर लावल्यावर संगीत घाईत वाजतेय असे वाटते. इम्युलेटर बिघडलेला नसतो. निंटेंडोचे मूळ जपानी आणि अमेरिकी यंत्र सेकंदाला सुमारे 60 चित्रे काढत असे. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी घडवलेले त्याचे क्लोन, म्हणजे नकली यंत्रे, 50 चित्रे काढत, आणि अशा बऱ्याच गेमचे संगीत चित्रांच्या गतीला बांधलेले असल्यामुळे त्यांवर सहाव्या हिश्श्याने संथ वाजे. मेसेनसारख्या इम्युलेटरमध्ये या क्लोनसाठी डेंडी नावाचा वेगळा पर्याय आहे. तो निवडला, की सूर पुन्हा त्याच संथ लयीत येतो आणि शेजारी बसलेली ताई लगेच म्हणते, "हां, हाच!"