खुलासा : शशिकला पहिल्यापासून खलनायिकाच होत्या का?

सोलापुरात जुन्या सिनेमांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "शशिकला? आपल्या गावच्या हो. पण आयुष्यभर खाष्ट बाईच केली." पहिलं वाक्य बरोबर आहे. 1932 साली सोलापुरात जन्म, माहेरचं आडनाव जावळकर. 'सैगल' हे लग्नानंतरचं. त्यावरून अनेकांना त्या पंजाबी वाटतात, ते वेगळंच.

दुसरं वाक्य मात्र खरं नाही. सुरुवात झाली ती 1945च्या 'झीनत'मधल्या कव्वालीत, बायकांच्या घोळक्यात बसून. 1959च्या 'सुजाता'तली रमा आठवा. पियानोवर बसून बालपणाचं गाणं म्हणणारी, मानलेल्या बहिणीवर जीव लावणारी पोर. तिच्यात खाष्टपणाचा लवलेश नाही. शिक्का बसला तो 'आरती' (1962) आणि 'गुमराह' (1963) या दोन सिनेमांनी. दोन्हींसाठी सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं, मग निर्मात्यांना दुसरं काही सुचेना.

गंमत म्हणजे 'गुमराह'मध्ये नायिकेला धमकावून पैसे उकळणारी ती बाई शेवटी नवऱ्याचीच सेक्रेटरी निघते. म्हणजे तिथला दुष्टपणाही सोंगच! लोकांच्या लक्षात राहिली ती फक्त तिरकी नजर.

1966च्या 'अनुपमा'त तर त्या पुन्हा हसऱ्या, बडबड्या. पुढे 'सोनपरी' मालिकेतून त्या लहान मुलांच्याही घरात पोचल्या. 2007 साली पद्मश्री मिळाली, 2021 साली त्या गेल्या.