कॅफीन म्हणजे 'सौम्य अँफेटामिन' नव्हे

"दोन्ही उत्तेजकंच, एक सौम्य नि एक जहाल, एवढाच काय तो फरक." हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता राहवत नाही. फरक जोराचा नाही, कामाच्या पद्धतीचा आहे.

कॅफीन ओळखीचं, म्हणून थोडक्यात. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं. ते पेशींवरच्या आपल्या ग्राहींवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागांवर, बसलं की डोळे जड होतात. कॅफीनच्या रेणूची घडण त्याच्याशी मिळतीजुळती, त्यामुळे ते तीच जागा अडवतं, पण झोपेचा निरोप देत नाही. अ‍ॅडेनोसिन बाहेर ताटकळतं. निम्मं कॅफीन उतरायला साधारण 5 तास लागतात. म्हणजे दुपारी 4 वाजता घेतलेल्यातलं पाव कॅफीन रात्री 2 वाजताही अंगात असतं.

खरा घोळ होतो तो अँफेटामिनपाशी. 1887 मध्ये पहिल्यांदा तयार झालेला हा रेणू दिसायला डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाच्या जवळचा: सहा कार्बनचं कडं, त्याला छोटं शेपूट, पुढे नायट्रोजन. मज्जापेशीच्या आवरणावर एक वाहक प्रथिन असतं. वापरून झालेलं डोपामिन उचलून परत आत नेणं हे त्याचं काम. ते अँफेटामिनलाही आपलंच समजून आत घेतं. आत गेल्यावर अँफेटामिन डोपामिनच्या पिशव्या रिकाम्या करायला लावतं आणि तोच वाहक उलटा चालू लागतो. जो माल आत आणायचा, तोच बाहेर ओतला जातो. पेशीला कुठलाही संदेश आलेला नसताना! इथे कुणाची जागा अडवलेली नाही, कोठारच उघडलंय. नॉरअ‍ॅड्रेनालिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाचंही तेच होतं, म्हणून छाती धडधडते, रक्तदाब चढतो, भूक मरते, अंग तापतं आणि थकवा मात्र जाणवत नाही. उन्हात राबणाऱ्याला हे जीवघेणं ठरू शकतं. नायट्रोजनशेजारच्या कार्बनवर एक मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) असतो, त्यामुळे मोनोअमाइन ऑक्सिडेझ या विकराला हा रेणू सहज तोडता येत नाही. असर तासन्‌तास टिकतो. नायट्रोजनवर आणखी एक मिथाइल चढवला की मेथअँफेटामिन, जे मेंदूत आणखी झपाट्याने शिरतं.

'ऊर्जा देणारं' हा शब्द मला दोघांसाठीही खटकतो. ऊर्जा अन्नातून येते. ही दोन्ही फक्त थकव्याची जाणीव बदलतात. आणि कॅफीन 'सौम्य' म्हणून निर्धास्त राहू नका: शुद्ध पूड 10 ग्रॅमच्या आसपास पोटात गेली तर धडधाकट माणूसही दगावू शकतो.

सर्वांत चीड येते ती एका सल्ल्याची. अवधानाच्या विकारासाठी डॉक्टरांनी मोजून अँफेटामिन दिलेल्या माणसाला लोक सांगतात, "गोळ्या सोड, त्यापेक्षा कॉफी वाढव." अ‍ॅडेनोसिनची जागा कितीही अडवली, तरी त्या गोळीचं काम कॉफी करणार नाही. आणि त्याने गोळी चालू ठेवून कॉफी वाढवली, तर दोन्हींचा भार एकाच हृदयावर पडेल.