जुन्या गाडीच्या टपाला नवे अस्तर

वीस-पंचवीस वर्षे वापरलेल्या फोर-बाय-फोर गाडीत बसताना पहिला अडथळा पुष्कळदा डोक्याशीच येतो. टपाच्या आतले कापड झोळीसारखे खाली लोंबत असते, आरसा अर्धा झाकलेला असतो आणि गाडीतून उतरल्यावर केसांत पिवळसर नारिंगी भुकटी सापडते. माझ्या गाडीत हे कापड वर्षभर टाचण्यांवर तग धरून होते. ‘सोल्युशन सुटले’ असे निदान आपण सारेच करतो आणि त्याच कापडामागे पुन्हा सोल्युशन लावतो. महिन्याभरात ते पुन्हा खाली येते, कारण निदानच चुकलेले असते. मी शेवटी ते कापड काढून त्या जागी कारपेट लावले.

कंपनीतून आलेले अस्तर एकाच थराचे नसते. दाबून आकार दिलेल्या पुठ्ठ्यावर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा फोमचा पातळ थर आणि त्यावर विणलेले कापड, अशी त्याची रचना असते. हा फोम पॉलियुरेथेनचा. जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ मध्ये हे रसायन घडवले आणि पुढे ते गाद्यांपासून बुटांपर्यंत सर्वत्र पसरले. मात्र त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या उष्णता, दमट हवा आणि प्राणवायू यांच्यापुढे हळूहळू तुटत जातात. पॉलिएस्टर जातीचा फोम पाण्याच्या वाफेने अधिक खचतो, तर पॉलिईथर जातीचा प्राणवायूने. आपल्याकडे मे महिन्यात तापलेला टप आणि जुलैतली ओलसर हवा ही दोन्ही संकटे एकाच गाडीच्या वाट्याला येतात. साखळ्या पुरेशा आखूड झाल्या की फोमची लवचीकता जाते आणि त्याचे पीठ होते. कापड आपल्या जागी आणि पुठ्ठाही आपल्या जागी असतो, पण त्यांना जोडणारा मधला थरच उरलेला नसतो. या पिठावर लावलेले सोल्युशन पिठालाच चिकटते.

म्हणून कामाची सुरुवात उपसण्याने करावी लागते. सनव्हायझर, हाताने धरायच्या कड्या, आतला दिवा, कडेचे बीडिंग काढून पुठ्ठा मागच्या दारातून अलगद बाहेर घ्यायचा, कारण जुना पुठ्ठा कडेला चटकन मोडतो. नंतर नायलॉनच्या ब्रशने फोमचा कण न् कण खरवडून काढायचा. हे काम कंटाळवाणे असून त्याची धूळ घशात जाते, त्यामुळे मास्क हवाच. पुठ्ठ्यावरून तळहात फिरवल्यावर हाताला काही लागेनासे झाले, की तो तयार झाला असे समजावे.

आता कापडाऐवजी कारपेट का लावायचे? गाडीच्या अस्तरासाठी मिळणारे ताणले जाणारे कारपेट विणलेले नसते. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंचा थर पसरून त्यात बारीक काटे असलेल्या हजारो सुया वरखाली मारतात. काट्यांत अडकून तंतू एकमेकांत गुंततात आणि गुंत्यातूनच पट्टा तयार होतो. यात उभे-आडवे धागे नसल्यामुळे तो चारही दिशांना ताणता येतो, आणि त्याच्यामागे कुजणारा फोमही नसतो. माझ्या मते हा दुसरा मुद्दाच निर्णायक आहे, कारण वीस वर्षांनी जो थर पुन्हा मरणारच आहे, तो यात मुळातच वगळलेला असतो.

चारही दिशांना ताणले जाण्याची गरज मात्र भूमितीतून येते. सपाट कागद नळकांड्याभोवती बिनसुरकुतीचा गुंडाळता येतो, पण चेंडूभोवती येत नाही. दोन दिशांनी वक्र असलेल्या पृष्ठभागावर सपाट पत्रक ताणल्याशिवाय किंवा चुण्या पाडल्याशिवाय बसूच शकत नाही, हे गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयातून निघते. गाडीचा टप मध्यभागी जवळजवळ सपाट असला, तरी दिव्याचा खळगा, व्हायझरची जागा आणि चारही कोपरे दोन दिशांनी वळलेले असतात. साधे विणलेले कापड तेथे हमखास चुणते.

परंतु कारपेट ताणले जाते म्हणून ते ताणूनच लावावे, असा जो समज होतो, तो घातक आहे. ओळखीच्या एका कुशनवाल्याने माझे काम बघता बघता मला थांबवले होते. मी पुठ्ठ्याच्या दोन्ही कडांना कारपेट चिकटवून मधला खळगा नंतर दाबू पाहत होतो. ‘‘दादा, आधी खड्डा भरायचा, मग उंचवट्यावर जायचे,’’ तो म्हणाला आणि मुठीच्या मागच्या भागाने त्याने कारपेट खळग्याच्या तळापासून वर कडेकडे बसवत आणले. त्यामागचे गणित मी घरी येऊन मांडले.

समजा कारपेटचे वजन चौरस मीटरला ४०० ग्रॅम आहे. म्हणजे गुरुत्वाकर्षण त्याला सुमारे ४ पास्कल इतक्याच दाबाने खाली ओढते, जे कोणतेही सोल्युशन सहज पेलेल. आता दहा सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीला एक किलोचा ताण देऊन ती पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या खळग्यावरून नेली, असे धरू. खळग्यात वळलेले ताणलेले पत्रक सरळ होऊ पाहते आणि पृष्ठभागापासून सुटण्यासाठी जोर लावते. हा जोर ताणाला त्रिज्येने भागून मिळतो, आणि तो येथे जवळजवळ २००० पास्कल भरतो. स्वतःच्या वजनाच्या पाचशेपट! म्हणजे अस्तर खाली पडते ते वजनाने नव्हे, तर आपणच भरून ठेवलेल्या ताणाने. शिवाय हा ताण रात्रंदिवस लागू राहतो, आणि रबरी सोल्युशनला घसरवणाऱ्या जोरापेक्षा असा सोलून काढणारा जोर फार कमी झेपतो. खळग्याच्या तळापासून सुरुवात केली, की तळाशी ताण जवळजवळ उरत नाही.

सोल्युशनचेही थोडे सांगायला हवे. कुशनच्या कामात वापरतात ते बहुधा पॉलिक्लोरोप्रीन या कृत्रिम रबराचे असते. ते दोन्ही पृष्ठभागांना लावून सुकू द्यायचे असते. घाईने ओले असतानाच चिकटवले, तर आत अडकलेला द्रावक (सोल्युशन पातळ ठेवणारा, उडून जाणारा द्रव) नंतर उन्हात वाफ होऊन फुगे काढतो. बोटाची मागची बाजू टेकवल्यावर चिकटपणा जाणवतो, पण तार सुटत नाही, ती वेळ नेमकी. त्यानंतर दोन थर एकमेकांवर दाबले की रबराच्या साखळ्या परस्परांत शिरतात आणि त्यांचे काही भाग स्फटिकांसारखे नेटके रचले जातात, म्हणून तो सांधा क्षणात मजबूत वाटतो. हे स्फटिक मात्र सुमारे पन्नास अंशांच्या पुढे वितळू लागतात. गडद रंगाच्या गाडीचा पत्रा उन्हाळ्यात ७० अंशांवर सहज जात असल्यामुळे, उष्णतारोधक असे स्पष्ट लिहिलेलेच सोल्युशन घ्यावे. त्यात फिनॉलिक रेझिन आणि मॅग्नेशियम ऑक्साइड यांचा संयोग झालेला असतो आणि स्फटिक वितळल्यावरही तो सांधा धरून ठेवतो. द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड आणि ज्वालाग्राही असते. ती गाडीच्या तळाशी साचते, तेव्हा चिकटवण्याचे काम बाहेर, मोकळ्या जागेत आणि विडी-सिगारेटपासून दूर करावे.

पुठ्ठा बाहेर आलाच आहे, तर उघड्या पत्र्याकडे नीट पाहून घ्यावे. कॅरिअरच्या बोल्टांभोवती आणि कडेच्या पन्हाळीखाली गंज धरलेला असतो. तो घासून प्राइमर मारावा. पत्र्याच्या मध्यभागी ॲल्युमिनियमची पन्नी असलेले ब्युटाइल रबराचे तुकडे चिकटवले, तर पत्र्याची थरथर रबरात उष्णता होऊन विरते आणि पावसाचा ताशा बराच मंदावतो. सगळा टप झाकायची गरज नसते, पाव हिस्साही पुरतो. नुसत्या कारपेटने मात्र डिझेल इंजिनाची घरघर कमी होईल, ही आशा फोल आहे. १०० हर्ट्झच्या आवाजाच्या लहरीची लांबी साडेतीन मीटरच्या आसपास असते. पाच मिलिमीटरचा सच्छिद्र थर तिला अडवणार कसा? तो किणकिण, खडखड असे बारीक आवाज तेवढे शोषतो.

उष्णतेच्या बाबतीत फायदा अधिक खरा आहे. पत्रा ७० अंशांवर आणि आतली हवा ४० अंशांवर आहे असे धरून ढोबळ हिशेब केला, तर नुसत्या पाच मिलिमीटर कारपेटची खालची बाजू ५८ अंशांच्या आसपास राहते. पत्रा आणि पुठ्ठा यांच्यात बंद पेशींचा (ज्यातले हवेचे बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसतात असा) दहा मिलिमीटर फोम घातला, तर ती ५० अंशांखाली येते. हा फोम आणखी एक काम करतो. घाटमाथ्यावर गाडीत झोपल्यास एका माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत जाते. कारपेटमधून ही वाफ आरपार जाऊन थंड पत्र्यावर दवासारखी जमते आणि तेथेच गंजाला आमंत्रण देते. बंद पेशींचा फोम पत्र्याला घट्ट चिकटलेला असेल, तर वाफ पत्र्यापर्यंत पोहोचत नाही.

कारपेट निवडताना एक गोष्ट स्वस्तात सोडू नये. वाहनाच्या आतले साहित्य किती वेगाने जळावे यावर बंधन असते. अमेरिकेच्या मानकात ही मर्यादा मिनिटाला १०२ मिलिमीटर आहे. प्रदर्शनाच्या मांडवात अंथरतात ते कारपेट गाडीच्या कसोटीला उतरेलच असे नाही. दुकानात वाहनांसाठीचेच मागावे आणि शंका असल्यास तुकडा घरी आणून मोकळ्यावर पेटवून पाहावा.

शेवटी पुठ्ठा जागेवर चढवला की व्हायझर आणि दिव्याची भोके कारपेटखाली लपलेली असतात. तेथे ड्रिल लावल्यास टोकाभोवती तंतू गुंडाळले जाऊन क्षणार्धात वीतभर कारपेट उपटून येते. माझ्या टपावर ड्रायव्हरच्या डोक्यावरचा एक टक्कल पडलेला ठिपका त्याची साक्ष आहे. दाभणाने भोक चाचपडून शोधावे, सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने तंतू वितळवून कड बंद करावी आणि मगच स्क्रू फिरवावा.