सेंट लॉरेन्स नदीवरील स्मॉलमाउथ बास मासेमारी : सहलीचे नियोजन

ऑन्टारिओ सरोवराचे पाणी अटलांटिककडे नेणाऱ्या सेंट लॉरेन्स नदीच्या वरच्या भागात, म्हणजे अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्य आणि कॅनडाचा ऑन्टारिओ प्रांत यांच्या सीमेवर, स्मॉलमाउथ बास या गोड्या पाण्यातील माशासाठी (शास्त्रीय नाव मायक्रोप्टेरस डोलोमियू) होणारी गळाची मासेमारी. 2022 मध्ये याच नदीकाठच्या क्लेटन (न्यू यॉर्क) येथील चार दिवसांच्या व्यावसायिक स्पर्धेत विजेत्याच्या 20 माशांचे वजन 100 पौंडांच्या वर गेले, आणि ते सगळे स्मॉलमाउथ होते. अशा आकड्यांनी मोहून पुष्कळ जण आधी आमिषे विकत घेतात. पण या नदीवर आमिषाचा क्रमांक शेवटचा. आधी महिना, मग नदीचा टप्पा, मग वारा.

मासे मोठे होण्यामागे गोबी आहे. कॅस्पियन व काळ्या समुद्राच्या परिसरातील हा बोटभर मासा जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (समतोलासाठी जहाजात भरलेल्या पाण्यातून) महासरोवरांत (ग्रेट लेक्समध्ये) आला. 1990 मध्ये तो प्रथम सेंट क्लेअर नदीत आढळला आणि पुढे इथवर पसरला. त्याला वाताशय (माशाला तरंगत ठेवणारी पोटातली हवेची पिशवी) नसतो, म्हणून तो तळालाच राहतो, आणि त्याला खाणारा बासही तळ धरतो. त्याच्या आधी आलेल्या झेब्रा व क्वागा शिंपल्यांनी पाणी गाळून इतके नितळ केले की कित्येक ठिकाणी वीस-पंचवीस फुटांवरचा तळ दिसतो. परिणामी बास खोल गेला आणि गळाची दोरी दिसली तर बिचकू लागला.

महिना. पाणी 15 ते 18 अंश सेल्सिअसला पोचले की, साधारण मेअखेर ते जूनमध्ये, नर उथळ रेताड-खडकाळ तळावर घरटे करून अंडी राखतो. नर उचलला की गोबी काही मिनिटांत अंड्यांवर तुटून पडतात. बंदीकाळामागचे एक कारण हेच. न्यू यॉर्कच्या पाण्यात हंगाम 15 जूनला आणि ऑन्टारिओच्या बाजूस जूनच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. जूनअखेरीस मासे 5 ते 15 फुटांवर असतात आणि नवख्यालाही सापडतात. जुलैच्या मध्यापासून ते 20 ते 40 फुटांवरील खडकाळ उंचवट्यांच्या कडांना उतरतात. सोनार (ध्वनिलहरींनी तळ व मासे दाखवणारे यंत्र) नीट वाचता येत नसेल तर ऑगस्ट टाळावा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर मासे सर्वांत जाड, पण वाऱ्याने दिवस बुडण्याची भीतीही तेव्हाच जास्त. तीन दिवस मासेमारी हवी असेल तर मुक्काम पाच दिवसांचा धरावा.

टप्पा. केप व्हिन्सेंट ते अलेक्झांड्रिया बे हा सहस्रद्वीपांचा भाग (प्रचलित मोजणीनुसार 1,864 बेटे) ग्रॅनाइटच्या उंचवट्यांनी भरलेला आहे. शंभर फुटांवरून तळ एकदम तीन फुटांवर येतो. तेथे बास असतो आणि बोटीचा पंखाही तेथेच तुटतो. त्यामुळे जलमार्गाचा नकाशा प्लॉटरवर (बोटीची जागा नकाशावर दाखवणाऱ्या पडद्यावर) असल्याशिवाय बोट वेगात नेऊ नये. प्रवाहाच्या विरुद्ध, सरोवराकडे जाताना, लाल बोये (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) उजव्या हाताला ठेवायचे. खाली इरोक्वॉय धरण ते मोझेस-सॉन्डर्स वीजधरण यांमधील वॉडिंग्टनचा टप्पा वेगळाच आहे. 1 जुलै 1958 रोजी जलाशय भरताना ऑन्टारिओच्या बाजूची गावे बुडाली. त्यांचे रस्ते व पाये आजही पाण्याखाली आहेत आणि मासे त्यांच्या आडोशाला उभे राहतात. येथे प्रवाह जोरदार असतो व धरणाच्या विसर्गानुसार बदलतो. पहिल्या सहलीला एकच टप्पा घ्यावा. दोन्ही करू पाहणाऱ्याला कोणताच नीट कळत नाही.

साधने फारशी लागत नाहीत. सात फुटी मध्यम-हलकी स्पिनिंग काठी, 2500 ते 3000 आकाराचे रीळ, 10 पौंडी विणलेली दोरी आणि तिच्या पुढे 8 ते 10 फूट लांबीची, 6 किंवा 8 पौंडी फ्लुरोकार्बन (पाण्यात सहज न दिसणारी) दोरी. मुख्य पद्धत ड्रॉप-शॉट : 1 किंवा 2 क्रमांकाचा गळ, त्यावर गोबीसारखे तीन-चार इंची मऊ आमिष, आणि गळाच्या एक फूट खाली वजन. संथ पाण्यात पाव ते 3/8 औंस, 30 फुटांच्या पुढे अर्धा औंस, वॉडिंग्टनच्या प्रवाहात पाऊण औंसही लागते. वजन अपुरे असले की दोरी तिरकी होते, आमिष तळापासून उचलले जाते आणि गोबी खाणारा मासा त्याकडे पाहतही नाही. बोटीचे नाक प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला धरून मोटर इतकीच चालवावी की बोट हळूहळू खाली सरकेल आणि दोरी उभी राहील. हिरवट-तपकिरी ट्यूब जिग (वजन जोडलेल्या गळावरचे पोकळ नळीसारखे मऊ आमिष) हा जुना, भरवशाचा पर्याय. शिंपल्यांच्या धारेने पुढची दोरी खरवडली जाते. प्रत्येक माशानंतर शेवटचे दोन फूट बोटांतून फिरवून पाहावेत, खरखर लागली की कापून गाठ नव्याने मारावी. मोठा मासा दोरी तोडून निसटण्याचे नेहमीचे कारण हेच, गाठ नव्हे.

नदी ईशान्येकडे वाहते, म्हणून ईशान्येचा वारा प्रवाहाला समोरून भिडतो आणि आखूड, उभ्या लाटा उठवतो. नैर्ऋत्येचा वारा सरोवराच्या मोकळ्या पाण्यावरून येतो व केप व्हिन्सेंटकडचा भाग आधी बंद पाडतो. अशा दिवशी बेटांच्या आडोशाची ठिकाणे आधीच हेरून ठेवावीत. 225 मीटरपर्यंत लांबीची मालवाहू जहाजे याच पात्रातून जातात. जहाज जाताना काठचे पाणी आधी ओसरते आणि मग उसळून परत येते. उथळात नांगरलेली बोट त्यात आपटते. जहाजांच्या मार्गात नांगर टाकणे वर्ज्य.

सीमा नदीच्या मधून जाते आणि पाण्यावर रेघ दिसत नाही. ज्या बाजूला गळ टाकला त्या बाजूचा परवाना लागतो. न्यू यॉर्कमध्ये 16 वर्षांपासून परवाना हवा. मर्यादा दिवसाला 5 मासे, किमान लांबी 12 इंच. ऑन्टारिओचे नियम वेगळे असल्याने त्या वर्षीची पुस्तिका पाहावी. पलीकडे उतरायचे किंवा नांगरायचे असेल तर सीमाशुल्क खात्याला कळवावे लागते. टोरांटो किंवा न्यू जर्सीतून येथे बोटफेरीला येणारी मराठी कुटुंबे बरीच असतात. भारतीय पासपोर्टवर असलेल्यांनी दुसऱ्या देशाचा व्हिसा नसल्यास आपल्याच बाजूच्या पाण्यात राहावे. जिवंत गोबी आमिष म्हणून बाळगणे दोन्हीकडे बेकायदा आहे.

तीस फुटांखालून वर आणलेल्या माशाचे वाताशय फुगते आणि तो पोट वर करून तरंगतो. सुईने हवा काढण्याचे तंत्र आहे, पण अनुभवी हाताकडून शिकल्याशिवाय करू नये. फोटोसाठी न थांबता लगेच सोडलेला मासा बहुधा स्वतःच खाली जातो. खाण्यासाठी ठेवायचा असल्यास राज्याच्या आरोग्य खात्याचा मत्स्यसेवनविषयक सल्ला पाहावा, कारण नदीच्या काही भागांत औद्योगिक प्रदूषणाचा वारसा आहे. 1 नोव्हेंबर ते 1 मे या काळात न्यू यॉर्कमध्ये 21 फुटांहून लहान बोटीत जीवरक्षक जॅकेट अंगावर असणे सक्तीचे. बोट बाहेर काढल्यावर तिला लागलेले शेवाळ-वनस्पती काढून टाकावे, तळातले पाणी सोडून द्यावे आणि दुसऱ्या जलाशयात नेण्याआधी ती पूर्ण वाळवावी.