गिटारचा अ‍ॅम्प बंद पडला? आधी ऐका, मग उघडा

गेल्या पावसाळ्यात एका मित्राचा सॉलिड स्टेट कॉम्बो अ‍ॅम्प, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणारा आणि स्पीकर त्याच पेटीत असलेला, माझ्याकडे आला. लाल दिवा लागतोय, स्पीकरमधून हलकीशी सूंऽऽ पण येतेय, गिटार लावली की मात्र काही नाही, आणि मधूनच जोरात कॉर्ड मारली की क्षणभर आवाज फुटतो आणि परत गायब. बोर्ड गेलाय, नवीन घ्या, असं त्याला दुकानात सांगितलेलं. मी एक छोटी पॅच केबल घेतली, एक टोक मागच्या इफेक्ट्स लूपच्या (बाहेरचे इफेक्ट जोडायच्या दोन जॅकच्या) सेंडमध्ये घातलं, दुसरं रिटर्नमध्ये, आणि अ‍ॅम्प खणखणीत वाजायला लागला.

झालं होतं असं की रिटर्नच्या जॅकमध्ये एक लवचिक पट्टी असते, आत प्लग नसेल तेव्हा ती दुसऱ्या पट्टीला टेकून बसते आणि प्रीअ‍ॅम्पमधला, म्हणजे गिटारचा सूर घडवणाऱ्या पहिल्या भागातला, सगळा सिग्नल तेवढ्या एका टेकण्यावरून पॉवर अ‍ॅम्पकडे, म्हणजे स्पीकर हलवणाऱ्या भागाकडे, जातो. त्या भोकात वर्षानुवर्षं कुणी प्लग घालत नाही, त्यात आपली मुंबई-कोकणातली दमट हवा, मग पट्टीवर काळपट थर चढतो. जोरात वाजवलं की सिग्नलचं व्होल्टेज वाढतं, त्या थराला भेदून क्षणभर पलीकडे पोचतं, म्हणून तो मधूनच येणारा आवाज. काँटॅक्ट क्लीनर मारला, प्लग दहा-पंधरा वेळा आत-बाहेर केला, संपलं काम. असे किती अ‍ॅम्प भंगारात गेले असतील याचं मला खरंच वाईट वाटतं. व्हॉल्व्हवाला, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा अ‍ॅम्प असला की लोक जिवापाड जपतात, दुरुस्त करून घेतात, आणि ट्रान्झिस्टरवाला म्हणजे वापरा आणि फेका. रोलंडचा जेसी-120 हा 1975 सालचा अ‍ॅम्प, पूर्ण ट्रान्झिस्टरवाला, त्याचे जुने पीस आजही स्टेजवर वाजतायत.

तर आधी ऐकायचं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर तिच्या दोन्ही बाजू सरळ करतो, त्यामुळे फिल्टर कॅपॅसिटरपाशी जो चढउतार उरतो तो 100 हर्ट्झचा. आता गिटार हातात घ्या, सगळ्यात जाड ई तार, तिसरा फ्रेट, तो जी सूर 98 हर्ट्झचा. अ‍ॅम्पची घरघर त्या सुराच्या अगदी जवळ, किंचित चढी लागत असेल तर संशय पॉवर सप्लायच्या मोठ्या कॅपॅसिटरवर घ्यायचा, आतलं इलेक्ट्रोलाइट वाळलं की ते विजेचा साठा नीट धरत नाहीत. त्याहून एक सप्तक खाली, 50 च्या आसपास असेल तर केबल, अर्थिंग किंवा इनपुटची बाजू बघा. व्हॉल्यूमचा नॉब फिरवल्यावर घरघर कमीजास्त झाली तर बिघाड नॉबच्या आधी आहे, नाही झाली तर नंतर. म्हणजे एकही स्क्रू न काढता अर्धा अ‍ॅम्प संशयातून बाहेर.

घरघर नाही पण आवाज मेलाय, असं असेल तर मोबाइलचं गाणं हळू आवाजात रिटर्न जॅकमध्ये सोडा. वाजलं तर पॉवर अ‍ॅम्प आणि स्पीकर ठीक, गडबड प्रीअ‍ॅम्पमध्ये. तिथे बहुतेक वेळा 4558 सारखे आठ पायांचे ऑप-अ‍ॅम्प, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या चिप, असतात, त्यांच्या 8 नंबरच्या पायावर साधारण +15 आणि 4 नंबरवर -15 व्होल्ट मिळायला हवेत, आउटपुटच्या 1 आणि 7 वर शून्याच्या जवळपास. हे 15 व्होल्ट बनवणारे रेझिस्टर खूप तापतात, त्यांच्याखालचा बोर्ड तपकिरी पडतो आणि सोल्डरला पायाभोवती केसासारखी गोल चीर जाते. लाकडी काडीने हलकेच टकटक केलं की खरखर होते, तिथे पुन्हा सोल्डर करायचं.

सगळ्यात वाईट केस म्हणजे चालू करताच धप्प आवाज आणि फ्यूज गेला. इथे नवा फ्यूज घालून बघू असं कृपा करून करू नका, आणि जाडा फ्यूज तर अजिबात नको. आउटपुटला दोन ट्रान्झिस्टर असतात, एक समजा +35 व्होल्टला बांधलेला, दुसरा -35 ला, दोघं मिळून मधला बिंदू शून्यावर तोलून धरतात आणि स्पीकर त्या बिंदूला जोडलेला असतो. एक शॉर्ट झाला की पूर्ण 35 व्होल्ट डीसी थेट स्पीकरवर. 8 ओहमच्या स्पीकरच्या कॉइलचा डीसी रेझिस्टन्स 6 ओहमच्या आसपास, म्हणजे 200 वॅटची नुसती उष्णता, त्यात कोन एका बाजूला खेचला जाऊन तसाच थांबलेला, हवा हलत नाही, कॉइल थंड व्हायला वाव नाही. काही सेकंदांत जळका वास.

म्हणून प्लग काढा, कॅपॅसिटर 1 किलोओहम 10 वॅटच्या रेझिस्टरमधून रिकामे करा आणि मीटरने खात्री केल्यावरच हात घाला. मल्टिमीटर डायोडवर ठेवून ट्रान्झिस्टरचे कलेक्टर आणि एमिटर हे दोन पाय तपासा, चांगल्या ट्रान्झिस्टरला काही दाखवत नाही, मेलेला पी पी करतो. बदलताना दोन्ही बदला, कारण एक जाताना दुसऱ्यावर भार टाकून गेलेला असतो, त्यांच्याशेजारचे 0.22 किंवा 0.33 ओहमचे रेझिस्टर आणि मागचे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर पण तपासा. पार्ट मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी मिळतात, फक्त खात्रीच्या दुकानातून घ्या, बाहेरून जाडजूड दिसणाऱ्या नकली ट्रान्झिस्टरच्या पोटात एवढीशी चिप असते.

पण ट्रान्झिस्टर मेला का? याचं उत्तर न शोधता नवा घातला तर तोही जातो. ट्रान्झिस्टर तापला की त्याचं बेस-एमिटर व्होल्टेज, म्हणजे त्याला चालू करायला लागणारं व्होल्टेज, दर अंशाला साधारण 2 मिलिव्होल्टने उतरतं, बाहेरून दिलेलं व्होल्टेज मात्र तेवढंच, मग करंट वाढतो, करंटने अजून तापतो, तापल्यामुळे अजून करंट, आणि हे चक्र थांबतच नाही. ते रोखायला, ट्रान्झिस्टरची गरमी ओढून घेणाऱ्या हीटसिंकला चिकटलेला एक छोटा ट्रान्झिस्टर असतो, तो गरमी ओळखून व्होल्टेज कमी करतो. तो हीटसिंकवरून सुटला किंवा थर्मल पेस्ट वाळून खडू झाली की त्याला गरमी कळतच नाही. म्हणून ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकमधली अभ्रकाची चकती नवी, पेस्टचा पातळ थर नवा, स्क्रू घट्ट.

आता आपल्या इलेक्ट्रिशियनची जुनी युक्ती, सिरीज बल्ब. अ‍ॅम्पला जाणाऱ्या फेजच्या वायरमध्ये 100 वॅटचा फिलामेंटचा बल्ब घालायचा, एलईडी चालत नाही. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स जेमतेम 40 ओहम, पूर्ण पेटला की 500 च्या वर. सगळं ठीक असेल तर कॅपॅसिटर भरताना बल्ब लख्खकन पेटतो आणि मंद होतो, शॉर्ट असेल तर पेटलेलाच राहतो आणि जास्तीचा करंट स्वतःवर झेलून तुमचे नवे ट्रान्झिस्टर वाचवतो. स्पीकर अजून जोडलेला नाही हे लक्षात असू दे. उघड्या अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरपाशी 230 व्होल्ट आहेत, तेव्हा एक हात खिशात आणि पायात रबरी चप्पल.

मध्यंतरी अशीच एक केस झाली. बल्ब पेटला, दोनेक सेकंदांत नुसती तांबूस तार उरली, स्पीकरच्या टोकांवर मीटर लावला तर 14 मिलिव्होल्ट. 50 च्या आत असलं की मी खूश. मग बल्ब काढला, स्पीकर जोडला, आणि अर्धा तास वाजवत राहिलो, दर पाच मिनिटांनी प्लग काढून हीटसिंकला बोट लावून बघत. कोमट होता, तेवढाच राहिला.