उंदराची वाटी वेगळी, गिनीपिगची वेगळी

पाकिटावर चित्र हॅमस्टरचं होतं. आत सूर्यफुलाच्या बिया, मक्याचे दाणे, शेंगदाणे आणि लाल-हिरव्या गोळ्या. भाचीच्या घरी दोन नर उंदीर आहेत (चिमुकले माउस नव्हेत, मोठे रॅट), बंड्या आणि खंड्या, आणि नंतर आलेली गिनीपिग सखूबाई. यातलं कोणाला किती घालायचं, असं भाचीने विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "सगळ्यांना हेच चालतं हो. कुरतडणारी जात एकच."

जात एक आहे, यात खोटं काही नाही. उंदीर काय नि गिनीपिग काय, दोघांचे पुढचे दात जन्मभर वाढतात, दोघे हातात मावतात आणि पिंजऱ्याची जाळी वाजवून दोघेही खायला मागतात. पण उंदीर मिश्राहारी आहे, जवळजवळ आपल्यासारखाच. गिनीपिग मात्र अँडीज पर्वताकडचा निव्वळ गवत्या प्राणी. शेळीला आणि कोंबडीला एकाच टोपलीतून वाढावं, तसं ते पाकीट होतं.

फरक किती खोल आहे ते 1907 साली क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, दिसलं. आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रोलिक हे दोघे संशोधक खलाशांना होणाऱ्या बेरीबेरीचा, म्हणजे ब-1 जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराचा, अभ्यास करत होते. त्यांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं. बेरीबेरी काही झाला नाही, झाला तो स्कर्व्ही. हिरड्यांतून रक्त, दुखरे सांधे, ठिसूळ हाडं. कोबीसारखा ताजा पाला दिला की तो आजार टळायचा. प्रयोगाला उंदीर घेतले असते तर स्कर्व्ही दिसलाच नसता, कारण उंदराचं यकृत क जीवनसत्त्व स्वतःच बनवतं. गिनीपिगला ते जमत नाही. आपल्यालाही जमत नाही, म्हणून या एका बाबतीत सखूबाई आपल्या भावकीतली.

त्यामुळे गिनीपिगला क जीवनसत्त्व रोज बाहेरून द्यावं लागतं, वजनाच्या दर किलोमागे साधारण 10 ते 30 मिलिग्रॅम. ऐकायला डॉक्टरी वाटतं, पण किलोभर वजनाच्या गिनीपिगला हिरव्या ढोबळी मिरचीची 25 ग्रॅमची एक फोड दिली की त्यातून सुमारे 20 मिलिग्रॅम मिळतं. कधी पेरूची छोटी फोड द्यावी. पेरूत क भरपूर असतं, पण साखरही असते. पाण्यात थेंब टाकायची युक्ती मला पटत नाही. उजेडात आणि पाण्यात ते जीवनसत्त्व लवकर मरतं, शिवाय चव बदलली म्हणून जनावर पाणी प्यायचं कमी होतं. गिनीपिगच्या गोळ्यांतलं क जीवनसत्त्वही साठवणीत घटत जातं. म्हणून पिशवीवर बनवल्याची तारीख बघा आणि तीनेक महिन्यांत संपवा. मोठं पोतं स्वस्त पडतं, पण इथे तो वाचलेला पैसा महागात पडतो.

मिरचीची फोड ही भाजी झाली, जेवण नव्हे. गिनीपिगचं जेवण म्हणजे वाळलं गवत, चोवीस तास समोर. त्याच्या तोंडात 20 दात असतात आणि ते सगळेच वाढत राहतात, दाढासुद्धा. त्या दाढा झिजतात त्या गवताच्या लांब, चरचरीत काडीने. मऊ दाण्याने झिजत नाहीत. उंदराचे दात 16. त्यातले पुढचे चारच वाढतात, दाढा आपल्यासारख्या एकदाच येतात. त्यामुळे उंदराला गवत दिलं तर तो त्याचं अंथरूण करतो. परदेशी टिमोथी गवत परवडत नसेल तर फवारणी न झालेली हरळी स्वच्छ धुऊन, निथळून दिलेली चालते. एकदम ढीगभर न देता सवयीसवयीने वाढवत न्यावी.

उंदराची गोष्ट उलटी आहे. त्याला काय द्यावं यापेक्षा किती द्यावं, हा प्रश्न मोठा. मोठ्या उंदराला दिवसाला 15 ते 20 ग्रॅम कोरडं खाणं पुरतं. गणपतीसमोरच्या मूषकाच्या हातात आपण मोदक देतो खरा, पण उकडीचा एक अख्खा मोदक म्हणजे बंड्याचा दोन-तीन दिवसांचा शिधा, तोही पिठी आणि गूळ-खोबऱ्याचा.

भाचीने ते पाकीट पहिल्या दिवशी वाटीत ओतलं तेव्हा मी बघत बसलो होतो. खंड्याने वाटीत मान घातली, मका बाजूला सारला, हिरवी गोळी हुंगून टाकून दिली आणि सूर्यफुलाच्या बिया एकेक उचलून कोपऱ्यातल्या चिंध्यांखाली नेऊन ठेवल्या. मग शेंगदाणे. वाटीत जे उरलं त्याच्याकडे दोघांनी ढुंकून पाहिलं नाही आणि भाचीला वाटलं, खाणं संपलं! तिने पुन्हा भरली. बियांच्या मिसळीचं दुखणं हेच: पाकिटावर संतुलित आहार लिहिलेलं असतं, पण उंदीर त्यातली चरबी तेवढी निवडून खातो. म्हणून एकसारख्या दाबलेल्या गोळ्या बऱ्या, त्यात निवडायला काही नसतं. मोठ्या उंदरासाठी प्रथिनं 14 ते 16 टक्के आणि चरबी 5 टक्क्यांच्या आसपास असलेल्या बघाव्यात. मिसळच द्यायची असेल तर मोजून द्यावी आणि वाटीचा तळ दिसल्याशिवाय पुन्हा भरू नये.

हात आखडता घेण्यामागे जुना पुरावा आहे. 1935 साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके या संशोधकांनी दाखवून दिलं की पोषण पुरेसं ठेवून उष्मांक कमी केले तर उंदीर जास्त जगतात. घरच्या उंदराला उपाशी ठेवा, असा याचा अर्थ नाही. पण दोन-तीन वर्षांचं त्याचं आयुष्य लठ्ठपणाने आणखी आखडतं, हे पाळणाऱ्यांना दिसतंच.

गोळ्यांच्या जोडीला उंदराला घरचं बरंच काही चालतं. फोडणी न घातलेली शिजलेली डाळ, भाकरीचा कोरडा तुकडा, गाजर, वाफवलेले मटार, आठवड्यातून एक-दोनदा उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा. यातलं अंडं गिनीपिगच्या वाटीत चुकूनही जाऊ नये. उंदराला फरसाण नको, कच्चा राजमा नको आणि पावसाळ्यात डब्याच्या तळाशी राहिलेले कुबट शेंगदाणे तर मुळीच नकोत. त्या बुरशीचं विष यकृतावर जातं. चिकट पीनट बटरचा गोळा त्याच्या घशात अडकू शकतो आणि उंदराला उलटी होतच नाही.

उलटी होत नाही म्हणूनच उंदीर नव्या पदार्थाचा आधी कणभर घास घेतो आणि वाट बघतो. पहिल्या दिवशी ब्रोकोली नाकारली म्हणून ती कायमची बंद करू नका. चार दिवस थोडी थोडी ठेवत राहा. सखूबाईने खाणंच नाकारलं असतं तर मात्र डॉक्टरकडे न्यायला रिक्षा बोलवावी लागली असती. गिनीपिगच्या आंधळ्या आतड्यात, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या पिशवीसारख्या आतड्यात, गवत आंबत असतं. खाणं दिवसभर थांबलं की तो सगळा कारभार ठप्प होतो, आणि मग वाट बघण्यात शहाणपण नाही. त्याच आतड्यातल्या जिवाणूंमुळे पेनिसिलिनच्या जातीची औषधं पोटात गेली तर गिनीपिग दगावू शकतो; उंदराला ती सहसा चालतात. तेव्हा एकाच्या बाटलीतलं औषध दुसऱ्याला देऊ नये.

संत्र्याची गंमत तर निराळीच. गिनीपिगला सोललेली एखादी फोड कधीमधी खुशाल द्यावी. पण संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन हे वासाचं द्रव्य नर उंदराच्या मूत्रपिंडाला बाधतं, फक्त नराच्याच. त्याच्या शरीरात एक खास प्रथिन असतं, त्याला ते चिकटून बसतं. मादीला हा त्रास नाही, माणसालाही नाही. फोडीत लिमोनीन थोडंच असतं, पण बंड्या-खंड्यांचं संत्र्यावाचून काही अडत नाही, म्हणून त्यांच्या पिंजऱ्यात ते जातच नाही.

आता भाचीच्या ओट्यावर पोहे मोजायचा छोटा काटा आहे, त्यावर दर रविवारी तिघांची वजनं होतात. सखूबाईचा आकडा घसरला की भाची घाबरते, बंड्याचा चढला की मी ओरडतो. पिंजरे वेगळे, कारण उंदीर गिनीपिगला चावू शकतात. आणि ते हॅमस्टरचं पाकीट फेकून दिलेलं नाही. त्यातल्या सूर्यफुलाच्या बिया निवडून एका बरणीत भरल्यात. हाक मारल्यावर हातावर आला तर एक बी. खंड्या तीनदा येतो आणि तिसऱ्यांदा बी घेऊन तडक चिंध्यांखाली जातो.