ताणाखाली आलेल्या मूलपेशी आणि मनोविकारांवरील गोळ्या

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना हमखास विचारतात, ‘या गोळ्यांनी मेंदू कायमचा खराब तर होणार नाही ना?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही, कारण याच औषधांपैकी काही मेंदूतील मूलपेशींना जपत असावीत, असे सुचवणारे प्रयोगही झालेले आहेत.

स्मरणशक्तीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात दाट पेशींची एक अरुंद पट्टी असते. तिच्या आतल्या कडेला असलेल्या मूलपेशींपासून नव्या चेतापेशी तयार होतात. उंदरांमध्ये हे निर्विवादपणे सिद्ध झाले आहे. प्रौढ माणसातही असे घडते, हे पीटर एरिक्सन, फ्रेड गेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले. परंतु २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी निघाल्याने तो वाद पुन्हा पेटला.

या मूलपेशी ताणाला फार लवकर बळी पडतात. ताणाच्या काळात रक्तात वाढणारी संप्रेरके त्यांचे विभाजन मंदावतात, शिवाय चेतापेशींच्या वाढीला आणि जगण्याला आधार देणारे बीडीएनएफ हे प्रथिनही हिप्पोकॅम्पसमध्ये कमी होते. कॅनडातील संशोधकांनी उंदरांना हालचाल करता येणार नाही अशा अरुंद जागेत वारंवार कोंडून नेमकी हीच परिस्थिती निर्माण केली. क्वेटियापिन हे स्किझोफ्रेनियावरील औषध दिलेल्या उंदरांमध्ये बीडीएनएफची घट कमी राहिली, असे त्यांना २००२ मध्ये आढळले. आणि ताणामुळे दबलेली नव्या चेतापेशींची निर्मिती या औषधाने पुन्हा सावरते, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

अशा अभ्यासात नव्या पेशी ओळखण्यासाठी प्राण्याला एक रसायन टोचतात. ते डीएनएच्या एका घटकासारखे दिसत असल्यामुळे, विभाजनाच्या तयारीत असलेली पेशी त्याला आपल्या डीएनएत सामावून घेते. पुढे मेंदूचे पातळ काप करून त्यांना विशिष्ट रंग दिला, की त्या पट्टीच्या कडेला नव्या पेशींची केंद्रके गडद ठिपक्यांसारखी उठून दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते ठिपके एकेक करून मोजायचे असतात, आणि ‘मूलपेशी वाचल्या’ या विधानामागे एवढी चिकाटीची मोजणी उभी असते.

मात्र हा गुण सरसकट सगळ्या औषधांना लावता येणार नाही. हॅलोपेरिडॉल या जुन्या औषधाने उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या विभाजनात काहीही वाढ होत नाही, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले होते. त्याहून अधिक विचार करायला लावणारा निष्कर्ष २००५ मध्ये आला. ज्या मकाक माकडांना १७ ते २७ महिने हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन दिले होते, त्यांच्या मेंदूचे वजन ८ ते ११ टक्क्यांनी कमी भरले. पुढच्या तपासणीत मेंदूच्या बाह्यकातील एका भागात चेतापेशींची संख्या घटलेली आढळली नाही, घट झाली होती ती त्यांना आधार देणाऱ्या ग्लायल पेशींची. म्हणजे मेंदू आकसला म्हणून चेतापेशी मेल्या, असा सरळ अर्थ येथे लावता येत नाही. माझ्या मते, ‘गोळ्यांनी मेंदू झिजतो’ असे घाईने सांगणाऱ्यांनी हा तपशील जरूर लक्षात घ्यावा, तसाच ‘गोळ्या मेंदूला नवसंजीवनी देतात’ असे सांगणाऱ्यांनी माकडांचा प्रयोगही नजरेआड करू नये.

माणसांबाबतचा पुरावा तुटपुंजा आहे. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या हिप्पोकॅम्पसमधील मूलपेशींचे विभाजन कमी आढळले, नैराश्य असलेल्यांचे मात्र तसे नव्हते. परंतु स्किझोफ्रेनियाच्या बहुतेक रुग्णांनी वर्षानुवर्षे औषधे घेतलेली असतात, त्यामुळे अशा अभ्यासात आजाराचा परिणाम कोणता आणि औषधाचा कोणता, हे वेगळे काढणे अतिशय कठीण जाते.

नातेवाइकांच्या हाती आज जे निश्चित आहे, ते मूलपेशींविषयीचे नाही. गोळ्या मनाने बंद केल्यास आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो, आणि मात्रा कमी करायची झाल्यास ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्यानेच करावी लागते.